धुराचा ठसा



आजच्या व्याख्यानासाठी मी एकच मुख्य चित्र निवडलं आहे. पडद्यावर ते भिंतभर पसरलेलं दिसतंय, पण मूळ ठसा साधारण 12 सेंटिमीटर उंच आणि 16 सेंटिमीटर रुंद आहे. पोस्टकार्डापेक्षा जेमतेम मोठा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टच्या मुद्राचित्रांच्या संग्रहात तो 1982 साली आला. चित्रकार एदगार देगा. काळ 1877 ते 1879च्या दरम्यानचा. नाव आहे ‘कारखान्यांचा धूर’.

देगा म्हटलं की आपल्याला बॅलेच्या नर्तकी आठवतात, शर्यतीचे घोडे आठवतात. इथे माणूस नाही, प्राणी नाही. कारखान्याची इमारत, तिचं फाटक, रस्ता, यांतलंही काही चित्रकाराला सांगायचं नाही. काळी शाई आहे. कुठे दाट, कुठे पुसून करडी केलेली, कुठे इतकी विरळ की कागदाचा रंगच वर आलेला. धूर उठतो, वाकतो, एकमेकांत मिसळतो. चित्राचं नाव झाकून ठेवलं, तर पुष्कळ लोक याला बिनदिक्कत अमूर्त चित्र म्हणतील. माझं म्हणणं असं आहे की नाव वाचल्यावरही ते अमूर्तच राहतं, आणि या चित्रात ही अमूर्तता जगाकडे टक लावून पाहिल्यामुळे आली आहे. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्यांनी चित्रकला न शिकलेल्या माणसांना चित्रं दाखवण्यात आयुष्य घालवलं. अमूर्त चित्रापुढे ‘यात आहे काय?’ असं कुणी विचारलं की ते त्या माणसाला कधी गप्प करत नसत. तो प्रश्न योग्यच आहे, आणि या चित्रापुढे तो विचारलाच पाहिजे.

आधी हे चित्र तयार कसं झालं ते सांगतो. त्याचा अर्धा अर्थ कृतीत आहे.

तांब्याची किंवा जस्ताची गुळगुळीत प्लेट घ्यायची. तिच्यावर काही कोरायचं नाही, तिला आम्लात बुडवायचं नाही. छपाईची तेलकट काळी शाई घ्यायची आणि दोनपैकी एका वाटेने जायचं. एक तर सगळी प्लेट काळी करून टाकायची आणि चिंधीने, बोटाने, ब्रशच्या मागच्या टोकाने शाई काढत काढत उजेड बाहेर आणायचा. नाही तर कोऱ्या प्लेटवर शाई लावत चित्र काढायचं. देगाने दोन्ही वाटा वापरल्या, आणि पुष्कळदा एकाच प्लेटवर दोन्ही. मग ओलसर कागद वर ठेवायचा, त्यावर फेल्टचा थर, आणि सगळं प्रेसच्या दोन लोखंडी रुळांमधून दाबून काढायचं. कागद उचलला की चित्र कागदावर आलेलं असतं आणि प्लेट जवळजवळ रिकामी झालेली असते. उरल्यासुरल्या शाईत दुसरा फिकट ठसा निघाला तर निघतो. त्यापुढे काही नाही. प्लेट पुसून टाकली की तिला त्या चित्राची काही आठवण नसते. अशा एकुलत्या ठशाला मोनोटाइप म्हणतात.

यातला एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. तेलकट शाई बराच वेळ ओली राहते. कागदात जिरते तशी ती धातूत जिरत नाही, सरकते. पेन्सिलीची रेघ मारली की मारली. इथे रेघ पुसता येते, ढकलता येते, तिच्यावरून तळवा फिरवता येतो. चित्रकार अखेरच्या क्षणापर्यंत मत बदलू शकतो. देगाच्या पुष्कळ मोनोटाइपांत बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. मत बदलण्याची ही सगळी चळवळ प्रेसखाली एकदम थांबते आणि जशी आहे तशी कागदावर येते. शिवाय चित्र उलटं छापलं जातं, डावं उजवीकडे जातं. माणसांच्या चित्रात याचा हिशोब ठेवावा लागतो, नाही तर उजव्या हाताचा वादक डावखुरा होतो. धुराच्या चित्रात फक्त वाऱ्याची दिशा पालटते, आणि त्याने काही बिघडत नाही.

मोनोटाइपची ही युक्ती देगाची नव्हे. जेनोआच्या जिओव्हानी बेनेदेत्तो कास्तिल्योने या चित्रकाराने ती 1640च्या दशकात वापरली होती. पुढे इंग्लंडमध्ये विल्यम ब्लेकने 1795च्या सुमारास आपली मोठी रंगीत छापचित्रं जवळपास याच तत्त्वावर केली. देगापर्यंत ती आली ती लुदोविक लेपिक या मित्राकडून. लेपिक कोरलेल्या एकाच प्लेटवर दर वेळी शाई वेगळी लावायचा, वेगळी पुसायचा. एस्को नदीच्या काठाच्या एका दृश्यातून त्याने अशी 85 रूपं काढली: कुठे पाऊस, कुठे चांदणं, कुठे आग. देगाचा पहिला मानला जाणारा मोनोटाइप ‘बॅलेचे गुरुजी’ आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि त्याच्यावर लेपिक आणि देगा अशा दोघांच्या सह्या आहेत. 1876च्या उन्हाळ्यापर्यंत देगाला याचं वेडच लागलं होतं. मार्सेलँ देबूतँ या चित्रकार मित्राने एका पत्रात तक्रार केली आहे की देगा आता मित्र उरला नाही, माणूस उरला नाही, शाईने माखलेली प्लेट झाला आहे. देगाने पुढे तीनशेहून अधिक मोनोटाइप केले.

आपल्या घरांत छापील चित्र म्हणजे काय याची एक पक्की कल्पना आहे, आणि ती राजा रविवर्म्यांच्या छापखान्याने घडवली. 1894 साली मुंबईत तो छापखाना सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय यांची एकसारखी चित्रं हजारोंनी निघाली आणि ज्यांना तैलचित्र कधी पाहायला मिळालं नसतं त्यांच्या देवघरात पोचली. छपाईचं हे लोकशाही रूप मला मनापासून प्रिय आहे. मोनोटाइप त्याच्या अगदी उलट टोकाला आहे. इथेही प्रेस आहे, शाई आहे, पण प्रत एकच. मग छापायचं तरी कशाला? सरळ कागदावर का काढू नये? या प्रश्नाचं उत्तर मला धुराच्या या चित्रात मिळतं. दाबाखाली शाई कागदाच्या धाग्यांत शिरते. ब्रशचा फटकारा चपटा होतो, चिंधीने पुसलेला भाग मऊ होतो आणि जागोजागी शाई स्वतःच्या मर्जीने पसरते. हाताने हुबेहूब असा पोत काढायला बसलं तर तो कष्टाने काढलेला दिसेल. इथे तो आपोआप आल्यासारखा दिसतो. धुरालाही कुणी आकार दिलेला नसतो.

आता ज्याने हे केलं तो कोण होता ते पाहा. 1855 साली, विशी ओलांडलेली असताना, देगा वृद्ध अँग्रला भेटला. अँग्र म्हणजे फ्रान्समधला रेषेचा सर्वांत मोठा उपासक. त्याने तरुण देगाला सल्ला दिला की रेषा काढ, पुष्कळ रेषा काढ, आठवणीतून आणि समोर पाहून. ही गोष्ट देगा आयुष्यभर सांगत राहिला. आणि तोच रेषेचा माणूस चाळिशीत अशी वस्तू चित्राला घेतो जिला कडाच नाही. घोड्याच्या पायाला बाह्यरेषा असते. धुराला कुठून धरणार? रेषेच्या शिष्याने स्वतःला याहून अवघड परीक्षा घातली नसती.

काही अभ्यासक देगाच्या कमजोर दृष्टीकडे बोट दाखवतात. 1870च्या युद्धात पॅरिसच्या रक्षणासाठी तो नॅशनल गार्डमध्ये गेला, तेव्हा उजव्या डोळ्यात दोष असल्याचं त्याच्या लक्षात आलं, आणि पुढे नजर खालावतच गेली. हे खरं आहे. पण 1879 सालीच त्याने समीक्षक द्युराँतीचं व्यक्तिचित्र केलं, आणि सर्कशीच्या छताला दातांनी लटकणारी मिस लाला रंगवली. त्या दोन्ही चित्रांतली रेषा धारदार आहे. ज्याला इतकं स्पष्ट काढता येत होतं त्याने धूर अस्पष्ट काढला तो धूर तसा आहे म्हणून. आजाराचं कारण पुढे करून आपण त्याच्या निवडीचं श्रेय काढून घेऊ नये.

त्याच सुमाराच्या एका वहीत देगाने काढण्याजोग्या विषयांची टिपणं केली आहेत, आणि त्यांत धुराची एक अख्खी मालिका योजली आहे: विडी-चिरूट ओढणाऱ्यांचा धूर, आगगाडीच्या इंजिनाचा, कारखान्यांच्या उंच धुराड्यांचा, आगबोटींचा, पुलाखाली कोंडलेला. ती मालिका पूर्ण झाली नाही. फक्त धुरालाच वाहिलेलं चित्र म्हणून आपल्यापुढे हेच येतं. ती यादी वाचली की कळतं, धूर ही त्याच्या दृष्टीने पार्श्वभूमी नव्हती. त्याला धुराची जातकुळी अभ्यासायची होती, जशी तो नर्तकींच्या पावलांची अभ्यासत होता.

1877च्या एप्रिलमध्ये पॅरिसला इम्प्रेशनिस्टांचं तिसरं प्रदर्शन भरलं. त्यात क्लोद मोनेने साँ-लाझार स्थानकाची चित्रं मांडली आणि देगाने आपले काही मोनोटाइप. मोनेच्या चित्रांत इंजिनाची वाफ काचेच्या छताखाली निळसर, गुलाबी होऊन तरंगते. फार सुंदर दिसते. तिथे स्थानक आहे, रूळ आहेत, घरं आहेत, आणि त्यांना वाफेने वेढलं आहे. देगाने आपल्या धुराच्या ठशात स्थानकासारखं सगळं काढून टाकलं आणि वेढणारी वस्तू ठेवली. रंगही काढून टाकले.

ज्यांचं बालपण लालबाग-परळमध्ये गेलं आहे ते इथे विचारतील, आणि त्यांचा तो हक्क आहे, की ज्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गिरण्यांच्या धुराची काजळी बसायची त्यांचं काय? या चित्रात ती माणसं नाहीत. देगाने त्यांची बाजू घेतली असं मी म्हणणार नाही. पण त्याने धुराला नटवलेलंही नाही. त्याच्यामागे मावळतीचा लाल रंग नाही. हा धूर मळका आहे, जड आहे, आणि तो खरोखर काजळीने काढला आहे. छपाईच्या काळ्या शाईत काळेपणा येतो तो काजळीचा किंवा काही तरी जाळून केलेल्या काळ्या भुकटीचा. ती जवसाच्या तेलात घोटतात. म्हणजे धुराड्यातून जे बाहेर पडतं त्याचंच सख्खं भावंड देगाने प्लेटवर पसरलं, पुसलं, आणि कागदावर दाबलं. हे माझ्या ध्यानात आल्यापासून मी या चित्राकडे चित्र म्हणून पाहतो तेवढाच धुराचा एक तुकडा म्हणूनही पाहतो. तैलरंगातलं सफरचंद सफरचंदाने रंगवलेलं नसतं. इथे वस्तू आणि तिचं चित्र एकाच द्रव्याची आहेत.

म्हणून ‘यात आहे काय?’ या प्रश्नाला दोन उत्तरं येतात आणि दोन्ही पूर्ण खरी आहेत. एक, कारखान्यांचा धूर. दुसरं, शाई, तिची दाट-विरळ जागा, पुसण्याची दिशा. अमूर्त चित्राबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे की चित्रकार आधी वस्तू सोडतो, मग रंग-आकारांशी खेळतो. इथे वस्तू सोडलेली नाही. वस्तूच अशी निवडली आहे की तिच्याशी प्रामाणिक राहिलं की आकार आपोआप सुटतो. ‘अमूर्त चित्र’ ही कल्पना त्या काळी रुळलेली नव्हती, देगाच्या मनात तर नव्हतीच. त्याला कुणी अमूर्ताचा अग्रदूत म्हटलं असतं तर तो रागावला असता असं मला वाटतं. तरीही हातून झालं ते झालं.

दहा-बारा वर्षांनी तो या वाटेवर पुन्हा आला. 1890च्या शरदात शिल्पकार बार्तोलोमेबरोबर घोडागाडीने तो बर्गंडीतल्या दिएने गावी गेला, जानिओ या चित्रकार मित्राच्या घरी, आणि तिथल्या स्टुडिओत निसर्गदृश्यांचे मोनोटाइप करायला लागला. या वेळी काळी शाई नव्हती, तैलरंग होते. प्रवासात पाहिलेले डोंगर, शेतं, धुकं त्याने आठवणीतून प्लेटवर उतरवलं. जानिओने लिहून ठेवलंय की दरी, आकाश, झाडी एकेक करून धातूवर उगवताना ते सगळे थक्क होऊन पाहत होते. 1892 साली पॅरिसमध्ये द्युराँ-रूएल या चित्रविक्रेत्याच्या दालनात अशी सुमारे दोन डझन दृश्यं मांडली गेली. अलेवी या जुन्या मित्राशी त्यांबद्दल बोलताना देगाने सांगितलं की आगगाडीच्या डब्याच्या दारात उभं राहून तो धूसर पाहत असे, त्यातून ही आली. ही मनाची अवस्था आहे का, असं विचारल्यावर त्याने तो मोठा शब्द झटकून टाकला आणि डोळ्यांची अवस्था म्हणा, असं सुचवलं. माझ्या दृष्टीने हे उत्तर अमूर्तावरच्या कितीतरी ग्रंथांहून उपयोगाचं आहे.

त्या दृश्यांपैकी एक, 1892चं, मेट्रोपॉलिटनमध्येच आहे. तैलरंगातला मोनोटाइप आणि त्याच्यावर पेस्टल. पुष्कळ टीकाकार ही निसर्गदृश्यंच देगाचं सर्वांत धाडसी काम मानतात. मला तसं वाटत नाही. पेस्टलने तिथे टेकडीला पाठ दिली जाते, गवताला हिरवेपणा दिला जातो. रंगाच्या डागाने स्वतःहून जे सांगितलं होतं त्याचा खुलासा होतो. धुराच्या चित्रात असा खुलासा नाही. पहिल्या काळ्या ठशावर देगा थांबला. जो माणूस आपली चित्रं पुन्हा पुन्हा हाताळण्यासाठी प्रसिद्ध होता, विकलेलं चित्रसुद्धा सुधारण्यासाठी परत मागायचा, त्याने इथे हात आवरला.

जे उमटलं त्यावर थांबण्याची ही गोष्ट आपल्याकडे चित्रकार वासुदेव गायतोंड्यांना कळली होती. त्यांच्या कॅनव्हासवर रोलर फिरलेला असतो, रंग चाकूने खरवडलेला असतो, आणि रंग लावलेले कागदाचे तुकडे कॅनव्हासवर दाबून उचललेले असतात. दाबायचं, उचलायचं आणि जे उमटलं ते पाहायचं. गायतोंड्यांनी ते देगाकडून घेतलं असं मी अजिबात सुचवत नाही. कृती सारखी आहे, एवढंच. आपल्या कामाला अमूर्त म्हटलेलं गायतोंड्यांनाही आवडत नसे.

आता सार्वजनिक संग्रहाबद्दल बोलतो, कारण हे चित्र आपल्यापर्यंत पोचलं ते त्यामुळे. 1878 साली, म्हणजे धुराचा हा ठसा निघाला त्याच सुमाराला, देगाचं पहिलं चित्र एका संग्रहालयाने विकत घेतलं. फ्रान्समधल्या पो शहराच्या संग्रहालयाने घेतलेलं ते चित्र न्यू ऑर्लिन्समधल्या कापसाच्या कचेरीचं होतं: टेबलावर पसरलेला कापूस, वर्तमानपत्र वाचणारा भाऊ, खातेवह्या, सगळं तपशीलवार. पुढे चित्रकार कायबोतने आपला संग्रह सरकारला दिला आणि त्यातून देगाची सात पेस्टल चित्रं पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात गेली. त्यांतल्या काहींच्या खाली मोनोटाइप आहे. रंगमंचावर एकटी नाचणारी सुप्रसिद्ध ‘तारका’ त्यांपैकीच. म्हणजे मोनोटाइप सरकारी संग्रहात शिरला तो पेस्टलच्या रंगाखाली. उघडे, काळे ठसे बराच काळ मागे राहिले. 1917 साली देगा वारला तेव्हा त्याच्या स्टुडिओत त्यांचे गठ्ठे सापडले. त्यांचा पहिला सविस्तर सूचीग्रंथ 1968 साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयाने काढला, युजीनिया पॅरी जॅनिस या संशोधिकेच्या श्रमांतून. आपला ठसा मेट्रोपॉलिटनला पोचेपर्यंत शंभर वर्षं उलटून गेली होती. 2016 साली न्यूयॉर्कच्याच म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने देगाच्या मोनोटाइपांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कुठे सर्वसामान्य प्रेक्षकाला हा देगा नीट भेटला.

कापसाच्या कचेरीला लगेच जागा मिळते आणि धुराला शंभर वर्षं थांबावं लागतं, याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. पण संग्रहालयाचं काम आजच्या आवडीपुरतं नसतं, हे इथे स्पष्ट दिसतं. पोस्टकार्डाएवढा, एकुलता एक, विषय काय ते पटकन न सांगणारा कागद सांभाळायला एक स्थिर संस्था लागते. कागदावरची कामं सतत भिंतीवर ठेवता येत नाहीत. मंद प्रकाशात, सुमारे 50 लक्सच्या आत, थोडा काळ दाखवायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. काळी शाई प्रकाशाने सहसा उडत नाही, पण कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. त्यामुळे या चित्राचं बहुतेक आयुष्य अंधारात जातं. मात्र तिथे अभ्यासासाठी वेगळी खोली असते. आधी कळवून वेळ घेतली की कागद आपल्यापुढे ठेवला जातो. 2017पासून मेट्रोपॉलिटनने आपल्या संग्रहातल्या स्वामित्वहक्क संपलेल्या कामांची छायाचित्रंही सर्वांना मोफत खुली केली. आज पडद्यावर हे चित्र दाखवताना कुणाची परवानगी मागावी लागली नाही ती त्यामुळे.

आपल्या संग्रहालयांतही मुद्राचित्रं आहेत, रेखाटनं आहेत, आणि तीही बहुतेक वेळ पेटीत असतात. ती पाहायला मिळावीत अशी मागणी प्रेक्षकांकडून येत नाही, म्हणून दाखवण्याची सोयही वाढत नाही. पत्र लिहा. अमुक चित्रकाराचे अमुक ठसे बसून पाहायचे आहेत असं स्पष्ट कळवा. नकार आला तर पुन्हा लिहा.

आणि तुमच्यापैकी कुणाचं न्यूयॉर्कला जाणं झालं, मुलाकडे, लेकीकडे, कामासाठी, तर वेळ घेऊन त्या अभ्यासिकेत जा. देगाची दोन कामं एकदम मागा: ‘कारखान्यांचा धूर’ आणि 1892चं निसर्गदृश्य. आधी धुराच्या ठशाची कड पाहा, प्लेट दाबली गेल्याची खूण चारही बाजूंना असेल. मग शाई कुठून कुठे पुसली गेली ते नजरेने शोधा. त्यानंतर निसर्गदृश्यात रंगाचा छापील डाग कुठे संपतो आणि वरून फिरलेलं पेस्टल कुठे सुरू होतं ते पाहा. पेस्टलबद्दल मी जे बोललो ते एकांगी असू शकेल. जिथे मी खुलासा पाहतो तिथे तुम्हाला दुसरंच काही दिसलं, तर मला जरूर कळवा.